सीटच्या मापाची गोधडी

३ फेब्रुवारी, सोमवार

बनाचा उजवा हात मोडला. काल सकाळी नळाला पाणी आलं म्हणून हंडा घेऊन धावली आणि मोरीत घसरली. मनगटाचं हाड. डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर घातलं, सहा आठवड्यांचं. प्लास्टर ओलं असतानाच ती विचारत होती, "सुई धरता येईल का हो डॉक्टर?" डॉक्टर म्हणाले, "मावशी, सध्या चमचासुद्धा धरायचा नाही."

ही वही मला निवृत्तीच्या दिवशी वर्कशॉपातल्या मंडळींनी दिली. नगरला एसटीच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं मी बसच्या सीटा शिवल्या. फोरमन म्हणाले होते, "भीमराज, आता सीटा नाहीत, निदान पानं तरी भरा." आठ महिने वही कोरीच राहिली. जामखेडचं हे दोन खोल्यांचं घर, दारात एक लिंब, आम्ही दोघं. लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. काल घडलं.

सकाळचा चहा मी केला. बना म्हणाली, बरा झालाय. अर्धा कप तसाच ठेवला.

५ फेब्रुवारी, बुधवार

सुई कशासाठी हवी होती ते आज कळलं. बनाने मला पलंगाखालची ट्रंक ओढायला लावली. आत जुन्या सुती साड्या, धुऊन, घड्या घालून ठेवलेल्या. म्हणाली, "माधुरीच्या लेकराला गोधडी शिवायचीय. आता तुमीच शिवा."

माधुरी आमची एकुलती एक. लांब अकोले तालुक्यात, डोंगरातल्या एका वाडीवर शाळेत शिकवते. जावई सुनील वायरमन आहे. लग्नाला अकरा वर्षं झाली, मूल नाही. तीन वर्षांपूर्वी दोघांनी मूल दत्तक घेण्यासाठी नाव नोंदवलं. आता नंबर जवळ आलाय, कधीही फोन येईल. हे मला जानेवारीत सांगितलं. बनाला कधी सांगितलं कोण जाणे. साड्यांच्या घड्यांमध्ये डांबरगोळ्यांचा वास चांगला मुरला होता.

मी म्हणालो, "मी गोधडी शिवू?"

"एकतीस वर्सं काय केलं मग?"

"सीट वेगळी, गोधडी वेगळी."

"व्हय. सीटवर मान्सं बसत्यात. ह्यात लेकरू झोपनार."

दत्तकाबद्दल माझं जे मत आहे ते मी माधुरीला फोनवर सांगितलेलं आहे. ते बदललेलं नाही. तेव्हापासून ती फक्त आईच्या मोबाईलवर फोन करते. ठीक आहे. मी बनाला नाही म्हणून सांगितलं आणि ट्रंक परत आत ढकलली.

९ फेब्रुवारी, रविवार

बना दोन दिवस डाव्या हाताने शिवत होती. तीनदा बोटात सुई घुसवून घेतली. ते बघवेना म्हणून मी कापड ओढून घेतलं. काम बघवत नाही म्हणून घेतलं, बाकी काही नाही.

माझी जुनी हत्यारं काढली. दाभण, नायलॉनचा दोरा, मेण. दोन तासांत वीतभर कोपरा तयार केला. शिवण अशी सरळ की फोरमनने पट्टी लावून बघितली असती तरी फरक निघाला नसता. कोपरा भिंतीला टेकवला तर आपला आपण उभा राहिला.

बना उठली. तीन घरं सोडून राहणाऱ्या बायडाबाईंना घेऊन आली. बायडाबाई ऐंशीच्या पुढच्या. अर्ध्या गल्लीने त्यांच्या हातच्या गोधड्या पांघरल्या आहेत. त्यांनी माझा कोपरा गालाला लावला, मग बोटाने त्यावर टकटक केलं.

"भीमराज, ह्याच्यावर लेकरू झोपवायचं का भाकरी थापायची?"

दोघी इतक्या हसल्या की बनाला प्लास्टर पोटाशी धरून बसावं लागलं. बायडाबाईंनी दाभण काढून घेतलं, कनवटीची बारीक सुई माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "उसव समदं."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

उसवायला शिवण्याच्या दुप्पट वेळ लागला. नायलॉनचा दोरा मीच ओवलेला, सहज सुटणार कसा.

रोज सकाळी नऊ वाजता बायडाबाई येतात आणि ओट्यावर लिंबाच्या सावलीत बसतात. टाका कसा घालायचा ते शिकवतात. सुई वरून खाली, खालून वर, चार टाके एकदम सुईवर घ्यायचे आणि मग दोरा ओढायचा. ओढायचा म्हणजे ताणायचा नाही. माझ्या हाताला ताणायची सवय. सीट ढिली राहिली की सहा महिन्यांत फाटते. इथे उलटं. बायडाबाई म्हणतात, "आवळू नगंस. कापडाला श्वास घिऊ दे."

आणखी एक. दोऱ्याची गाठ दिसता कामा नये. गाठ दोन कापडांच्या मधे दडवायची, नाहीतर बाळाला टोचते.

मी विचारलं, "एवढीशी गाठ टोचेल?"

"तुला न्हाई टोचनार. तुझं कातडं एसटीचं हाय."

२३ फेब्रुवारी, रविवार

बनाने सगळ्या नातेवाइकांना फोन लावले. प्रत्येक घरातून वापरलेल्या, मऊ पडलेल्या सुती कपड्याचा एक तुकडा. नवं कापड चालत नाही, खळ असते, बाळाच्या अंगाला लागतं. टेरिकॉट तर दारातूनच परत.

मला धाकधूक होती की लोक विचारतील, कुणाच्या बाळासाठी? मग काय सांगायचं? विशेषतः थोरले बंधू रंभाजी. ते शिऊरला असतात, जुन्या विचारांचे. म्हणून त्यांना मी स्वतः फोन केला आणि नुसतं "गोधडीसाठी" एवढंच म्हणालो. ते म्हणाले, "बरं बरं." काही विचारलं नाही. सुटलो.

आज त्यांनी एसटीच्या ड्रायव्हरकडे पिशवी पाठवली. आत त्यांच्या पांढऱ्या धोतराचा मोठा तुकडा आणि सोबत एक लहान कुंची, लाल, कडेला पिवळी गोट. वहिनींना हल्ली कमी दिसतं. चुकून पिशवीत गेली असणार. परत पाठवू म्हणालो तर बना म्हणाली, "ऱ्हाऊ द्या." आणि ट्रंकेत ठेवून दिली.

सुनीलच्या आईने, साळूबाईंनी, तिकडून हिरवं इरकली लुगडं पाठवलं. एवढं मऊ की हातात धरल्यासारखं वाटत नाही. मी फार जपून कापलं.

८ मार्च, शनिवार

आज दिवसभर पांढऱ्या धोतराच्या चौकटी कापत होतो. हात चालू असला की डोकं भलतीकडे जातं.

जानेवारीत माधुरीचा फोन आला तेव्हा ती खूप आनंदात होती. भराभर बोलत होती. लहानपणी शाळेतून यायची तेव्हा दप्तर न उतरवता बोलायची, तसं. सगळं सांगून झाल्यावर विचारलं, "आबा, तुम्हाला काय वाटतं?" मी म्हणालो, "दुसऱ्या कंपनीचा पार्ट बसवला की गाडी खडखडतेच. मी एकतीस वर्षं बघतोय."

मग ती म्हणाली, "ठेवते, आबा."

म्हणणं चुकीचं नव्हतं. वर्कशॉपात कुणालाही विचारा. पण वर्कशॉपात म्हणायचं वाक्य होतं ते.

आज तिला फोन करावा म्हणून नंबर काढला. मग आठवलं, शनिवार, सकाळची शाळा असते. अकरापर्यंत थांबलो. मग वाटलं जेवत असेल. मग वाटलं आता झोपली असेल.

१९ मार्च, बुधवार

प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणाले हाड छान जुळलंय, आता हात हलवत राहा. मला जरा हायसं वाटलं की आता सुई परत बनाकडे जाईल. पण घरी आल्यावर तिने दोन टाके घातले आणि हात झटकला. "न्हाई जमत हो. कळ येती." म्हणून पुढचंही मीच.

बायडाबाईही म्हणाल्या, हाताला घाई करू नये. त्या हे बोलताना बनाकडे बघत नव्हत्या, लिंबाकडे बघत होत्या.

३० मार्च, रविवार

आज बनाने आठ भाकऱ्या थापल्या. म्हटलं, हात बरा झाला वाटतं. म्हणाली, "भाकरीला चालतो. सुई न्हाई धरवत."

भाकरीला वेगळे स्नायू लागत असतील.

६ एप्रिल, रविवार

मोठी चूक झाली. लिहायला लाज वाटते.

सगळे तुकडे जोडून झाले. हिरवं, पांढरं, माधुरीच्या शाळकरी फ्रॉकचं गुलाबी, बनाच्या साड्यांचे जांभळे आणि पिवळे, सुनीलच्या लुंगीच्या निळ्या चौकटी. खाली अस्तर घातलं, मधे जुन्या साडीचे थर, चारी बाजूंनी कच्चा टाका मारला. अंगणात पसरून मी मागे सरकून उभा राहिलो. रंग असे उठले होते की रस्त्याने जाणारी शाळेची पोरं थांबली.

बायडाबाई गोधडीभोवती एक फेरी मारून आल्या. "भीमराज, लेकरासंगं आजून कोन कोन झोपनार हाय?"

टेप लावून बघितला. मी अस्तर कापताना माप विचारलंच नव्हतं. हाताने आपोआप तीन जणांच्या सीटचं माप घेतलं होतं. एकतीस वर्षं तेच कापलं.

कापून लहान करू म्हणालो तर बना आडवी आली. एवढे टाके घातलेत, एकाही तुकड्याला कात्री लावायची नाही. "आई, बाप आन् लेकरू. तीनच की. बसतील."

म्हणजे आता आतले टाकेही तिप्पट.

११ एप्रिल, शुक्रवार

फोन आला.

दुपारी मी ओट्यावर शिवत होतो. बना आतून ओरडत आली. आधी वाटलं परत पडली. "आलं! आलं! पोरगी हाय!" मोबाईल डोक्यावर धरून अंगणात गोल फिरली. संस्थेतून माधुरीला निरोप आला, सात महिन्यांची मुलगी, फोटोही पाठवलाय. दोघांनी होकार कळवला. कागदपत्रांना महिनाभर लागेल, मग आणायला जायचं.

बायडाबाईंनी फोटो बघितला, कडाकडा बोटं मोडली. शेजारच्या पोरांनी बघितला. दूधवाल्याने बघितला.

बना माझ्याकडे आली. मी म्हणालो, ही ओळ संपू दे. ओळ संपली. मग दुसरी धरली. मधे सोडली तर टाके कमीजास्त होतात.

रात्री जेवताना बनाने फोन माझ्या ताटाशेजारी ठेवला. मी पालथा केला, आमटी उडेल म्हणून.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. सकाळी सगळे मिळून वंदनेला गेलो. बनाने पांढरी साडी नेसली होती, निळ्या काठाची. वीस वर्षं दर जयंतीला तीच नेसते. दुसरी घे म्हटलं तरी घेत नाही.

घरी आल्यावर साडी बदलली, घडी घातली आणि कात्रीसह माझ्यापुढे ठेवली. "काठ लावा चारी बाजूंनी."

"अगं, ही? पुढच्या वर्षी काय नेसशील?"

"पुढल्या वर्सी तिला कडंवर घिऊन जाईन. साडीकडं कोन बघतंय?"

मला कात्री चालवायला थोडा वेळ लागला.

१६ एप्रिल, बुधवार

बना पीठ दळायला गेली होती. तिचा मोबाईल वाजला म्हणून उचलला. पडद्यावर आधी फोटो आला. तिने तोच लावून ठेवलाय.

डोक्यावर केस जेमतेम. कान बरे आहेत, डोक्याला लागून. डावी भुवई थोडी वर, जसं काही फोटो काढणाऱ्यालाच विचारतेय की तुमचं काय काम. अंगात मोठ्या मापाचं झबलं, बाह्या दुमडलेल्या. कुणीतरी घाईत दुमडल्यात, एक वर एक खाली.

फोन वाजून वाजून बंद पडला. परत वाजला. माधुरी होती.

"आई?"

"मी आहे. आई गिरणीत गेलीय."

"बरं. नंतर करते."

"ऊन फार आहे इकडे," मी म्हणालो.

"इकडेपण आहे, आबा."

"पोरीला टोपी घालतात का तिथे? केस नाहीत डोक्यावर. उन्हाचा त्रास होतो."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "विचारते." आवाज घोगरा येत होता. एवढ्या उन्हात हिला सर्दी कशी झाली कळत नाही. बनाला सांगितलं तर म्हणाली, "व्हय, असंल सर्दी."

२७ एप्रिल, रविवार

निम्मी गोधडी भरली. आता सुई धरली की हात आपोआप चालतो. बायडाबाई हल्ली येतात, पण बघत नाहीत. भिंतीला टेकून डुलकी काढतात. मी हे शाबासकीसारखं धरतो.

दोरा संपला म्हणून बाजारात गेलो. येताना समोरच्या हॉटेलवाल्या मच्छिंद्रने हाक मारली. "काय भीमराज, सुईदोरा? कुनासाठी एवढं?"

"नातीसाठी."

रस्त्यात उभं राहून दत्तक, नंबर, संस्था हे सगळं कोण समजावत बसणार. सोपं पडतं म्हणून तसं म्हणालो. मग त्याने चहा पाजला आणि मी पाऊण तास फोटोतल्या भुवईबद्दल बोलत बसलो.

बनाने आज पाच किलो कैऱ्या फोडून लोणचं घातलं. सुई मात्र अजून धरवत नाही तिला. डॉक्टरांना एकदा विचारायला हवं.

९ मे, शुक्रवार

मधोमध एका तुकड्याची वीण विरली होती. त्यावर दुसरं काही लावायला हवं होतं. ट्रंकेत अजून चार साड्या आहेत, पण रंग जुळेना. म्हणून माझा वर्कशॉपचा खाकी शर्ट काढला. शेकडो वेळा धुतलेला, पार मऊ. छातीचा भाग खिशासकट कापला. खिसा उसवायला वेळ नव्हता, तसाच ठेवला. वरची बाजू उघडी.

बना म्हणाली, "मी फेब्रुवारीत हाच शर्ट मागितला हुता तवा न्हाई म्हनालात."

"तेव्हा तुकडा विरला नव्हता."

१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. खीर केली. दुपारी चार वाजता शेवटची गाठ घातली. आत दडवली. बायडाबाईंनी डोळे मिटून अख्ख्या गोधडीवरून हात फिरवला, उलट सुलट. एकही गाठ लागली नाही. त्या उठल्या. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि काठी टेकत घरी गेल्या. मी साठीला आलोय. बरं झालं गल्लीत कुणी नव्हतं.

१८ मे, रविवार

माधुरीचा फोन, माझ्या मोबाईलवर. मी आधी बघितलं की चुकून तर लागला नाही.

"आबा, गुरुवारी बाळाला आणायला जायचंय. तुम्ही आणि आई याल?"

"बघतो," मी म्हणालो.

फोन ठेवला आणि दाढीचं सामान पिशवीत भरलं. बना म्हणाली, "अहो, आज रविवार हाय."

२२ मे, गुरुवार

संस्था दुसऱ्या जिल्ह्यात आहे. काल माधुरी आणि सुनील जीप करून जामखेडला आले, आज पहाटे चौघं निघालो. सुनीलने दर अर्ध्या तासाने कागदांची फाईल उघडून बघितली. माधुरीच्या मांडीवर दुधाची बाटली, रिकामी. ती तिने सगळ्या रस्त्यात सोडली नाही.

तिथे स्वच्छ खोली, भिंतीवर ससे रंगवलेले. एक मावशी बाळाला घेऊन आल्या. माधुरीने हात पुढे केले. बाळाने एकदा तिच्याकडे बघितलं, भुवई वर केली आणि मोठा भोकाड पसरला. सुनीलने खुळखुळा वाजवला तर आवाज दुप्पट झाला. मावशींकडे परत झेपावायला लागली. माधुरीचा चेहरा मला बघवेना. अकरा वर्षं जिची वाट बघितली ती अंगावर येईना.

मी पुढे झालो. पिशवीतून गोधडी काढली आणि फरशीवर पसरली. अर्धी खोली भरली. मावशींनी बाळाला त्यावर खाली ठेवलं.

रडणं एकदम थांबलं असं नाही. आधी हुंदके राहिले. मग तिने पुढ्यातलं हिरवं बघितलं, साळूबाईंचं. त्यावर हात आपटला. मग गुलाबीकडे सरकली. मग पिवळं. रंगारंगावर थांबत, लाळ गाळत, पोटावर रांगत मधोमध आली. तिथे खाकी. तिने बोटं खिशाच्या कडेला लावली, आत घातली, मनगटापर्यंत हात गेला. आणि मग मान वर करून सगळ्यांकडे बघितलं, की इथे काहीच नाही.

खिसा रिकामाच होता. मी काहीतरी ठेवायला हवं होतं. इतकं साधं मला सुचू नये.

माधुरी हळूच गोधडीच्या दुसऱ्या टोकाला बसली. बोलली नाही, हात पुढे केले नाहीत. नुसती बसली. शाळेत बुजऱ्या पोरांशी अशीच बसत असेल. दहाएक मिनिटांनी बाळ खिसा सोडून तिच्याकडे निघालं. मधे दोनदा बसलं. मग तिच्या साडीचा काठ धरला आणि त्याला धरून वर चढलं.

त्या मावशी खिडकीशी जाऊन बाहेर बघत राहिल्या. बना त्यांच्यापाशी गेली आणि त्यांचा हात हातात धरून उभी राहिली. उजव्या हाताने, चांगला घट्ट.

परत येताना जीपच्या मागच्या सीटवर बना, माधुरी आणि मी. बाळ माधुरीच्या मांडीवर झोपलेलं. गोधडी तिघांच्या मांड्यांवर पसरली, एक बोट इकडे तिकडे नाही.

नगरच्या अलीकडे मी म्हणालो, "माधुरी, मी जानेवारीत फोनवर..."

"आबा, हळू बोला. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

मी गोधडीची कड सारखी केली. थोड्या वेळाने तिने डोकं माझ्या खांद्याला टेकलं. दमली असेल.

१ जून, रविवार

आज आमच्या अंगणात नामकरण. माधुरीला सुट्टी आहे म्हणून सगळे इकडेच आहेत. साळूबाई अकोल्याहून तांदळाचं पोतं घेऊन आल्या. लिंबाखाली सतरंज्या, वर मांडव. भाताचा आणि आमटीचा वास अख्ख्या गल्लीत.

मला काळजी एकाच माणसाची होती. रंभाजीदादा येणार होते. चारचौघांत म्हणाले, कुणाचं लेकरू, कुठलं लेकरू, तर? मी तीन दिवस उत्तरं तयार करत होतो. एक शांत उत्तर, एक जरा कडक, आणि एक असं की पुन्हा ते या घरात येणार नाहीत. सख्खा थोरला भाऊ, पण माझी तयारी झाली होती.

दादा अकरा वाजता आले. चप्पल काढली, सरळ गोधडीपाशी गेले. बाळ तिच्यावर बसून ताटली वाजवत होतं. दादांनी बराच वेळ खाली वाकून बघितलं. मग माझ्याकडे वळले. आवाज वर्कशॉपच्या भोंग्यासारखा.

"भीमा! इकडं ये."

मी कडक उत्तर तोंडात धरून गेलो.

"माझ्या धोतराचा तुकडा पार कडंला लावला. आन् तुझा खाकी मधे? थोरला कोन, तू का मी?"

सगळे हसायला लागले. मला तीन दिवसांतलं एकही उत्तर आठवेना. दादा खाली बसले, गुडघे वाजले, आणि बाळाला उचलून मांडीवर घेतलं. म्हणाले, "माधुरीनं तीन वर्सांपूर्वी सांगितलं तवापासून वाट बघतोय. म्हटलं मरायच्या आदी येती का न्हाई."

तीन वर्षांपूर्वी. दादांना. मी माधुरीकडे बघितलं, ती भात वाढत होती. बनाकडे बघितलं, तिला एकाएकी मांडवाची दोरी नीट करायची होती.

त्रिशरण पंचशील झालं. मग नाव कानात कोण सांगणार असा प्रश्न आला. आत्याने सांगायचं, पण सुनीलला बहीण नाही. साळूबाई म्हणाल्या दादा सांगतील, दादा म्हणाले बायडाबाई सांगतील, बायडाबाईंना ते ऐकूच गेलं नाही.

माधुरी म्हणाली, "आबा सांगतील."

मी बाळाला घेतलं. जड लागतं हल्ली. कानाशी वाकलो. केस आता थोडे आलेत, नाकाला गुदगुल्या करतात. मी नाव सांगितलं. मैत्री. त्यानंतर आणखी एक वाक्य सांगितलं. या वहीत मी बहुतेक सगळं लिहिलंय, पण ते वाक्य लिहीत नाही. तिने मान मागे नेली, भुवई वर केली आणि माझं नाक धरलं.

मंडळी गेल्यावर भांडी आवरताना बना म्हणाली, "कानात एवढा वेळ काय सांगत हुतात?"

"नाव."

"दोन अक्षरांचं नाव हाय."

"नीट सांगावं लागतं. लहान आहे ती."

बनाने माझ्याकडे बघितलं आणि उजव्या हाताने भाताचं मोठं पातेलं उचलून मोरीत नेलं.